बांगू अ‍ॅथलेटिक क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राझीलच्या फुटबॉलवर मराठीत लिहायला लागलं की पेले, झिको, रोनाल्डोवर प्रश्न येणार हे ठरलेलंच. पण एकदा कुठेतरी 'गिरणी कामगारांचा क्लब' असा बांगूचा ओझरता उल्लेख केला आणि तेव्हापासून सगळ्यात जास्त प्रश्न याच क्लबबद्दल येतात. तेच तेच उत्तर पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा सगळं एकदाच इथे मांडतो. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, वादाचे मुद्दे मध्ये आणि शेवटी येतात.

१. बांगू हे नक्की कशाचं नाव? गावाचं, क्लबचं की तुरुंगाचं?

तिन्हींचं. रिओ दि जानेरोच्या पश्चिम भागातलं हे उपनगर. शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटरवर, समुद्रापासून लांब, डोंगरांच्या कुशीत. रिओ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा कोपाकबानाचा किनारा आणि बांगू यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. इथला उन्हाळा सगळ्या रिओत कुप्रसिद्ध आहे. शेजारच्या जेरिसिनो भागात मोठा कारागृह परिसर आहे, त्यालाही लोक 'बांगू'च म्हणतात. त्यामुळे एखाद्या पुढाऱ्याला 'बांगूत नेलं' अशी बातमी आली, तर तो मॅच बघायला गेलेला नसतो.

उच्चारात 'बां' नाकातून आणि जोर शेवटच्या अक्षरावर. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज शिकलेल्या मंडळींना हे सांगावं लागणार नाही.

२. क्लब कोणी आणि कधी काढला?

१७ एप्रिल १९०४ रोजी, बांगूच्या कापड गिरणीतल्या लोकांनी. 'कोंपान्या प्रोग्रेसो इंदुस्त्रियाल दो ब्राझील' ही कंपनी १८८९ ची आणि तिची गिरणी १८९३ ला सुरू झाली. यंत्रं इंग्लंडची, त्यामुळे ती चालवणारे तंत्रज्ञही तिकडूनच आलेले. क्लबचं मूळ नावही इंग्रजी थाटाचं होतं, 'द बांगू अ‍ॅथलेटिक क्लब', आणि पहिले अध्यक्ष विल्यम फ्रेंच.

आता यातली मेख. दोन वर्षं आधी, १९०२ मध्ये, फ्लुमिनेन्से क्लब निघाला तो शहरातल्या पैसेवाल्या घरांतल्या पोरांचा. तिथे अकराच्या जागी बावीस साहेब सहज मिळत. बांगूत मोजके इंग्रज, आणि शहर ट्रेनने लांब. दोन टीम करायच्या तर खात्यातल्या माणसांना हाक मारण्याशिवाय इलाज नव्हता. इटालियन आले, पोर्तुगीज आले, मग स्थानिक कामगार आले. बांगूच्या समतेच्या गोष्टी सांगताना ही अडचण लोक विसरतात. माझ्या मते आधी अडचण होती, तत्त्व मागाहून आलं. पण आलं हे खरं (प्रश्न ५).

३. ब्राझीलमध्ये फुटबॉल आणला चार्ल्स मिलरने ना? मग हा टॉमस डोनोहो कोण?

शाळेच्या पुस्तकातलं उत्तर मिलर हेच आहे. इंग्लंडमध्ये शिकून तो १८९४ मध्ये साओ पावलोला परतला आणि १४ एप्रिल १८९५ ला त्याने तिथल्या गॅस कंपनी आणि रेल्वे कंपनीच्या लोकांमध्ये सामना भरवला.

डोनोहो हा ग्लासगोजवळच्या बझबी गावचा रंगारी, म्हणजे गिरणीच्या रंगखात्यातला माणूस. तोही १८९४ मध्येच बांगूला आला. त्याची बायको मागून आली ती फुटबॉल घेऊन, आणि त्याने गिरणीशेजारच्या मोकळ्या जागेत पाच-सहा जणांच्या टीम करून खेळ सुरू केला, असं बांगूकर सांगतात. म्हणजे मिलरच्या काही महिने आधी.

दोघांत फरक असा की मिलरच्या सामन्याला क्लब, नियम आणि तारीख आहे. डोनोहोचा खेळ म्हणजे सुट्टीच्या दिवशी घामाघूम होणं. 'पहिला सामना' कशाला म्हणायचं त्यावर उत्तर अवलंबून आहे. आणि डोनोहोमुळे बांगू हा ब्राझीलचा सर्वांत जुना क्लब ठरत नाही. क्लब १९०४ चाच. रिओ ग्रांदे हा क्लब १९०० सालचा आहे.

४. काळ्या खेळाडूला खेळवणारा पहिला क्लब बांगूच का?

रिओपुरतं बोलायचं तर हो, असंच मानलं जातं. फ्रान्सिस्को कार्रेगाल. बाप पोर्तुगीज, आई काळी ब्राझिलियन, स्वतः गिरणीत विणकर. १९०५ मध्ये तो बांगूकडून खेळला आणि त्या वर्षीच्या टीमच्या फोटोत तो आहे.

तो फोटो मिळाला तर नीट बघा. त्या काळच्या वर्णनांत एक बारीक गोष्ट येते: सगळ्यांत नीटनेटका कार्रेगालच असायचा. बूट नवे, लोकरी मोजे नवे, टोपी नवी, जणू कालच दुकानातून आणलेलं. गोऱ्यांच्या शेजारी उभं राहायचं तर कपड्यात कुठे बोट ठेवायला जागा नको. ज्याला जागा सहज मिळत नाही तो असाच तयार होऊन येतो.

रिओबाहेरचा दावाही आहे. कांपिनास शहरातला पोंते प्रेता १९०० पासूनच काळे खेळाडू आपल्याकडे असल्याचं सांगतो. त्यामुळे 'ब्राझीलमधला पहिला' असं मी लिहीत नाही.

५. बांगूने १९०७ मध्ये लीगच सोडली हे खरं का?

खरं. १९०६ मध्ये रिओची पहिली अधिकृत स्पर्धा झाली, तीत बांगू होता. पुढच्या वर्षी लीगने पत्रक काढलं की 'रंगीत' लोकांची खेळाडू म्हणून नोंदणी होणार नाही. बांगूने खेळाडू कमी केले नाहीत, लीगमधून नाव काढून घेतलं. बाकीच्या क्लबांपैकी कोणी 'थांबा' म्हटलं नाही.

परत यायला वेळ लागला. १९११ मध्ये दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून बांगू वर आला.

६. मग वर्णभेदाविरुद्ध लढणारा क्लब म्हणून वास्को द गामाचं नाव का घेतात?

(हा रिओचा वास्को. आपल्या गोव्यातल्याशी गल्लत नको.) काळे आणि गरीब खेळाडू घेऊन वास्कोने १९२३ ची स्पर्धा *जिंकली*, हा मोठा फरक. हरत होते तोवर कोणाला त्रास नव्हता. जिंकल्याबरोबर बड्या क्लबांनी १९२४ साली नवी लीग काढली आणि वास्कोला बारा खेळाडू काढून टाकायला सांगितलं. ७ एप्रिल १९२४ च्या पत्राने वास्कोने नकार कळवला. ते पत्र प्रसिद्ध आहे आणि प्रसिद्ध असायलाच हवं.

पण बांगूचे चाहते एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. १९२४ च्या त्या बड्यांच्या लीगमध्ये बांगू होता. नव्या लीगचा दंडक असा की खेळाडूचा रीतसर कामधंदा दिसला पाहिजे. वास्कोच्या खेळाडूंचे धंदे संशयास्पद ठरवले गेले. बांगूच्या खेळाडूंचं नाव मात्र गिरणीच्या हजेरीपटावर होतं. एकाच क्लबने १९०७ मध्ये दरवाजा आपटून बाहेर पडावं आणि १९२४ मध्ये आत बसून राहावं, हे दोन्ही लक्षात ठेवलेलं बरं.

७. गिरणी खेळाडूंना पैसे द्यायची का?

१९३३ पर्यंत रिओत खेळायचे पैसे देणं अधिकृतपणे चालत नव्हतं. पण चांगला खेळणाऱ्याला हलकं काम, सरावासाठी लवकर सुट्टी आणि नोकरीची हमी मिळायची. तो हजेरीपटावर कामगार आणि मैदानावर खेळाडू. अभ्यासक याला 'कामगार-खेळाडू' म्हणतात. भोंगा वाजायच्या आधी खात्यातून बाहेर पडणारा माणूस सहकाऱ्यांच्या डोळ्यांत सलत असणारच, पण रविवारी तोच गोल करतो म्हटल्यावर बोलणार कोण?

कंपनीचाही फायदा होता. गिरणीचं कापड आणि टीम यांचं नाव एकच. बांगू हरो की जिंको, वर्तमानपत्रात जाहिरात फुकट.

८. १९३३ चा रिओ विजेता बांगू की बोटाफोगो? दोन्ही याद्यांत वेगवेगळं दिसतं.

दोन्ही बरोबर. त्या वर्षी रिओत दोन लीग झाल्या. पैसे उघडपणे द्यायचे म्हणणाऱ्यांची व्यावसायिक लीग बांगूने जिंकली. हौशी खेळ टिकवायचा म्हणणाऱ्यांची लीग बोटाफोगोने जिंकली. आज दोन्ही विजेतेपदं मान्य आहेत.

बांगूने १२ नोव्हेंबर १९३३ ला फ्लुमिनेन्सेला ४-० हरवलं. रिओतला पहिला व्यावसायिक विजेता गिरणीचा क्लब निघाला याचं नवल वाटतं, पण प्रश्न ७ वाचलात तर वाटू नये. इतरांना पगाराची सवय लावायची होती, बांगूचे खेळाडू आधीपासूनच पगारी होते.

९. दा गिया घराण्याचा इतका बोलबाला का?

कारण एकाच घरातून इतकं फुटबॉल क्वचित निघतं. चार भाऊ बांगूकडून खेळले: लुईस आंतोनियो, लादिस्लाव, मेदियो आणि दोमिंगोस. लादिस्लाव आजही क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आहे आणि १९३३ च्या टीममध्ये तो आणि मेदियो होते.

दोमिंगोस मात्र वेगळ्याच उंचीचा. बचावपटू, पण चेंडू बाहेर भिरकावणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आपल्याच गोलसमोर प्रतिस्पर्ध्याला चकवून तो शांतपणे बाहेर पडायचा. १९३३ ला उरुग्वेत नासिओनाल, १९३४ ला रिओत वास्को, १९३५ ला अर्जेंटिनात बोका ज्युनियर्स, असा लागोपाठ तीन देशांत विजेता. १९३८ चा वर्ल्ड कप खेळला आणि कारकिर्दीच्या शेवटी पुन्हा बांगूत आला. त्याचा मुलगा आदेमिर दा गियाही बांगूतच घडला, पण नाव काढलं पाल्मेरास क्लबमध्ये. तिथे तो नऊशेच्या वर सामने खेळला. बापाला 'दिव्य गुरू' म्हणत, मुलाला नुसतं 'दिव्य'.

१०. झिझिन्योसारखा खेळाडू फ्लामेंगो सोडून बांगूत का आला?

तो आला नाही, विकला गेला. १९५० मध्ये गिरणीमालक सिल्वेरा घराण्याने तगडी रक्कम मोजली आणि फ्लामेंगोने सौदा केला. आपल्याला न विचारता विकलं ही सल त्याला कायम राहिली. त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपमध्ये तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू गणला गेला. लहानपणी पेलेचा आदर्श हाच. बांगूने १९५१ मध्ये अंतिम फेरी गाठली, पण फ्लुमिनेन्सेने हरवलं.

११. बांगूचा कोणी विश्वविजेता आहे का?

झोझिमो. १९५८ आणि १९६२ या दोन्ही वर्ल्ड कप विजयांच्या वेळी तो बांगूचाच खेळाडू होता. १९६२ मध्ये तर मध्यवर्ती बचावपटू म्हणून पहिल्या अकरात. ब्राझीलच्या विजेत्यांची नावं घेताना लोक त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबतात.

१२. 'बांगू क्लबांमधला विश्वविजेता आहे' हे कितपत खरं?

मुळात काहीतरी आहे, पण शब्द मोठा वापरलाय. १९६० मध्ये न्यूयॉर्कला 'इंटरनॅशनल सॉकर लीग' नावाची स्पर्धा सुरू झाली. बायर्न म्युनिक, त्या वर्षीचा इंग्लंडचा विजेता बर्नली, रेड स्टार, सांपदोरिया असे क्लब होते. बांगूने ६ ऑगस्टला अंतिम सामन्यात स्कॉटलंडच्या किल्मार्नॉकला २-० हरवलं. बझबीचा डोनोहो तेव्हा हयात असता तर कोणाच्या बाजूने ओरडला असता कोण जाणे. स्पर्धा एका अमेरिकन आयोजकाने भरवलेली, फिफाची नव्हे. अभिमान जरूर बाळगा, पण विश्वविजेता म्हणू नका.

याच धाग्यातला दुसरा प्रश्न 'ह्यूस्टन स्टार्स'चा. १९६७ मध्ये अमेरिकेत घाईघाईने लीग उभी राहिली, खेळाडू नव्हते, म्हणून परदेशी क्लबच्या क्लब आणून त्यांना अमेरिकन शहरांची नावं दिली. ह्यूस्टनच्या जर्सीतली टीम म्हणजे सबंध बांगू. छप्पर असलेल्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये खेळली.

१३. रिओ स्पर्धेचा १९६६ चा अंतिम सामना पूर्ण का झाला नाही?

कारण खेळायला माणसं उरली नाहीत. १८ डिसेंबर १९६६, माराकाना स्टेडियम, १,४३,९७८ प्रेक्षक. बांगू १९६४ आणि १९६५ ला लागोपाठ उपविजेता ठरलेला. समोर फ्लामेंगो. बांगूकडून ओसिमार, आलादिम, पावलो बोर्जेस असे तीन गोल झाले, ३-०.

फ्लामेंगोचा आल्मिर हा रागीट म्हणून ओळखला जाणारा खेळाडू. बांगूला विजयाची फेरी मारू द्यायची नाही असं त्याने मनाशी ठरवलं आणि बांगूच्या लादेराला गाठून मारायला सुरुवात केली. मग दोन्ही टीम, राखीव खेळाडू, सगळेच उतरले. पंच आयर्तोन विएरा दि मोराइस यांना लोक 'सॅमसन' म्हणायचे. त्यांनी फ्लामेंगोचे पाच आणि बांगूचे चार असे नऊ जण बाहेर काढले. फ्लामेंगोकडे सहा राहिले आणि सातपेक्षा कमी असले की खेळ होत नाही. दुसऱ्या हाफमध्येच सामना संपला.

त्यानंतर आजवर रिओची स्पर्धा फ्लामेंगो, फ्लुमिनेन्से, वास्को आणि बोटाफोगो या चौघांबाहेर कोणी जिंकलेली नाही.

१४. कास्तोर दि आंद्रादे म्हणजे कोण? क्लबच्या चिन्हात तो प्राणी का आहे?

'कास्तोर' म्हणजे पोर्तुगीजमध्ये बीव्हर, नदीत बांध घालणारा तो दातवाला प्राणी. क्लबचा शुभंकर आणि एका काळात थेट जर्सीवरचं चित्र, हे एका माणसाच्या नावावरून आलं.

कास्तोर हा 'जोगो दो बिशो'चा मोठा म्होरक्या. १८९२ मध्ये रिओच्या एका प्राणिसंग्रहालयाने तिकिटाबरोबर सुरू केलेली सोडत, पंचवीस प्राणी, प्रत्येकाचे आकडे. पुढे ती शहरभर पसरली आणि बेकायदा ठरली. मटक्याचा धंदा समजतो त्याला हाही समजेल. १९६६ मध्ये कास्तोरचे वडील एउझेबियो क्लबचे अध्यक्ष होते. कास्तोर स्वतः कायद्याचा पदवीधर. बांगू क्लबबरोबर तो मोसिदादे इंदिपेंदेंते या सांबा मंडळाचाही पोशिंदा होता. १९८५ च्या फेब्रुवारीत मोसिदादेने कार्निव्हल जिंकलं आणि जुलैत बांगू राष्ट्रीय फायनलला.

'तो गुंड होता की देव?' असं थेट विचारणारे बरेच आहेत. १९९३ मध्ये न्यायाधीश देनिझे फ्रोसार्द यांनी त्याच्यासह चौदा बिशो-म्होरक्यांना शिक्षा सुनावली. फरार असताना १९९४ मध्ये साओ पावलोच्या मोटार प्रदर्शनात तो वेषांतर केलेला सापडला. गाड्या बघायला गेला होता. १९९७ मध्ये वारला. बांगूत अजूनही त्याचं नाव प्रेमाने घेतात. ज्यांचा माणूस या धंद्याच्या भांडणात गेला त्यांना विचारलं तर उत्तर वेगळं मिळेल.

१५. १९८५ ला नक्की काय झालं?

३१ जुलै १९८५, रात्रीची मॅच, माराकानात ९१,५२७ लोक. राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना बांगू विरुद्ध कोरितिबा. त्या रात्री फ्लामेंगो, वास्को, फ्लुमिनेन्से, बोटाफोगो या सगळ्यांच्या चाहत्यांनी बांगूच्या बाजूने आवाज लावला. रिओत असं दृश्य क्वचितच दिसतं.

इंदियोने कोरितिबाला पुढे नेलं, लुलिन्याने बरोबरी केली. नंतर मारिन्योने चेंडू जाळ्यात मारला, पण ऑफसाइड दिला गेला. पंच होते रोमुआल्दो आर्पी फिल्यो, पुढच्या वर्षी वर्ल्ड कपचा अंतिम सामना सांभाळणारे. १-१ वर पेनल्टी. दोन्हीकडच्या पहिल्या पाचही आत गेल्या. सहावी बांगूच्या आदोने घेतली आणि हुकली. गोमेसने कोरितिबाची सहावी मारली. ६-५. तोवर मध्यरात्र उलटून गेली होती.

कोरितिबाने त्या स्पर्धेत केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल जास्त होते, तरी विजेता. मारिन्योला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून 'सोनेरी चेंडू' मिळाला. त्याच डिसेंबरात रिओच्या स्पर्धेतही बांगू फ्लुमिनेन्सेकडून १-२ हरून उपविजेता झाला, तेही शेवटी न दिलेल्या पेनल्टीच्या वादासह. एका वर्षात दोनदा. आदोचं नाव आजही कुजबुजीत घेतात, हे मला अन्यायाचं वाटतं. पहिल्या पाचांत कोणी चुकला नाही म्हणून सहावी त्याच्या वाट्याला आली.

१६. इतका वर गेलेला क्लब खाली कसा आला?

१९८६ मध्ये लिबेर्तादोरेस कप, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा, खेळायला मिळाला, पण गटातून पुढे जाता आलं नाही. १९८७ मध्ये रिओ स्पर्धेची दुसरी फेरी, तासा रिओ, जिंकली. १९८८ मध्ये राष्ट्रीय पहिल्या श्रेणीतून घसरण झाली आणि तिथे बांगू परत गेलेला नाही.

कारण एका वाक्यात: बांगूला कायम एकच देणारा हात होता. आधी गिरणीचा, मग कास्तोरचा. गिरणी थकली, कास्तोर कोर्टकचेऱ्यांत अडकला. शहराच्या टोकाला, टीव्हीच्या पैशाशिवाय आणि मोठ्या चाहतावर्गाशिवाय, तिसरा हात मिळाला नाही. २००४ मध्ये तर रिओच्याच पहिल्या श्रेणीतून खाली गेला, २००८ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून परतला. २०१७ मध्ये उरुग्वेचा सेबास्तियान आब्रेउ आपल्या क्लबांच्या लांबलचक यादीत भर घालायला इथेही येऊन गेला.

१८ जून २०२० ला कोरोनाच्या खंडानंतर ब्राझीलमधला पहिला सामना झाला तो फ्लामेंगो विरुद्ध बांगू, रिकाम्या माराकानात. त्याच आवारात तेव्हा कोविडचं तात्पुरतं रुग्णालय चालू होतं. बांगू ०-३ हरला. स्कोअर फारसा कोणाच्या लक्षात नाही.

१७. 'बांगू सेरी डी मध्ये आहे' आणि 'बांगू कुठल्याच डिव्हिजनमध्ये नाही', दोन्ही कसं वाचायला मिळतं?

ब्राझीलमध्ये दोन शिड्या आहेत. एक राज्याची, वर्षाच्या सुरुवातीला. दुसरी देशाची: ए, बी, सी, डी. डी ही चौथी पायरी २००९ पासून आहे आणि तिथलं तिकीट बहुतेकांना राज्याच्या स्पर्धेतल्या कामगिरीवर दरवर्षी नव्याने कमवावं लागतं. एखाद्या वर्षी मिळालं तर बांगू डी मध्ये, नाही मिळालं तर राष्ट्रीय पातळीवर कुठेच नाही आणि राज्याचे सामने संपले की वर्षभर मोजकंच फुटबॉल. त्यामुळे बातमी कोणत्या वर्षाची आहे ते आधी बघा.

१८. मैदानाचं नाव मोसा बोनिता की प्रोलेतारियो?

कागदोपत्री 'एस्तादियो प्रोलेतारियो गिल्येर्मे दा सिल्वेरा फिल्यो', १९४७ चं. कामगारांचं मैदान आणि त्याला मालकाचं नाव, दोन्ही एकाच पाटीवर. बोलताना सगळे 'मोसा बोनिता' म्हणतात, म्हणजे 'सुंदर मुलगी'. त्या भागाचं जुनं नाव तेच. त्याआधीचं मैदान गिरणीला लागून, फेरेर रस्त्यावर होतं. जायचं असेल तर सेंत्राल स्टेशनवरून सांता क्रूझकडे जाणारी लोकल आणि गिल्येर्मे दा सिल्वेरा स्टेशन. दुपारचा सामना असेल तर टोपी आणि पाणी (प्रश्न १).

१९. गिरणी अजून आहे का?

इमारत आहे, गिरणी नाही. लाल विटांच्या त्या भिंतींत २००७ पासून शॉपिंग मॉल आहे. विणकामाच्या खात्यात आता चपलांची, मोबाइलची दुकानं आणि खाण्याचे ठेले. तिथे डोनोहोचा मोठा पुतळा उभा केला आहे, चेंडूसकट. खरेदीला आलेली पोरं त्याच्यासमोर फोटो काढतात आणि हा कोण म्हणून आईबापाला विचारतात.